एचआयव्ही क्लिनिकमधली गुदद्वाराची पॅप टेस्ट: डॉक्टर मस्त, काउंटर बेकार (3.5 स्टार)

मागच्या जागेची पॅप टेस्ट, म्हणजे कॅन्सर व्हायच्या आधीच पेशी बिघडल्यात का ते बघायची तपासणी, आमच्या एचआयव्ही क्लिनिकमध्ये करून आलो. बऱ्याच जणांना वाटतं व्हायरल लोड अनडिटेक्टेबल आहे, म्हणजे रक्तात एचआयव्ही टेस्टला सापडणार नाही इतका कमी, की मिटलं सगळं. नाही मिटत, एचपीव्ही या दुसऱ्या व्हायरसचं खातं वेगळं, तो एआरटीच्या म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्यांनी जात नाही आणि गुदद्वाराचे बहुतेक कॅन्सर त्याच्यामुळेच होतात.

टेस्ट म्हणाल तर काहीच नाही. कुशीवर झोपायचं, ओला स्वॅब आत घालून गोल फिरवत बाहेर काढतात, मिनिटभराचं काम, दुखत नाही, लाज वाटते तेवढीच. आदल्या दिवसापासून मागून सेक्स नाही, एनिमा नाही, क्रीम नाही हे फोनवर आधीच सांगितलं होतं, त्याला फुल मार्क. आधी स्वॅब आणि मगच जेली लावून बोटाने तपासणी, हा क्रमही बरोबर ठेवला, कारण जेली लागली की सॅम्पल खराब होतं. ती बोटाची तपासणी टाळू नका हां, गाठ असेल तर तिथेच हाताला लागते.

रिपोर्टला मात्र बोंब. फोन आला, 'अ‍ॅबनॉर्मल आहे, अपॉइंटमेंट घ्या', आणि ठेवून दिला!! अरे बाबांनो अ‍ॅबनॉर्मल म्हणजे कॅन्सर नाही हे एक वाक्य बोलायला काय जातं, रात्रभर झोप नाही.

पुढची पायरी एचआरए, म्हणजे गुदद्वार आतून भिंगाने मोठं करून बघायची तपासणी, इथे डॉक्टरांनी सगळी कसर भरून काढली. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून भिंगातून बघतात, बिघडलेला भाग पांढरा पडतो, मग आयोडीन, मग संशय असेल तिथला बारीक तुकडा बायोप्सीला. मला स्क्रीनवर दाखवत दाखवत केलं. आत फारसं कळत नाही, बाहेरच्या बाजूचं इंजेक्शन मात्र सणकून झोंबतं आणि नंतर थोडं रक्त दिसतं, घाबरू नका. माझं हायग्रेड, म्हणजे कॅन्सरच्या आधीचा जास्त बिघाड निघालं, कॉटरीने जाळून टाकलं. जाळायचंच का, नुसतं लक्ष ठेवलं तर नाही का चालणार असं विचारलं तर न चिडता अँकर स्टडीबद्दल सांगितलं, 2022 ला छापलेला, 35 वर्षांवरचे चार हजारांहून जास्त एचआयव्हीवाले लोक, ज्यांचं हायग्रेड काढलं त्यांच्यात कॅन्सर 57 टक्क्यांनी कमी. शून्य नाही, आणि हे परत येतं, म्हणून फॉलोअप सोडायचा नाही.

पुरुषांशी सेक्स करणाऱ्या एचआयव्हीवाल्या पुरुषांनी आणि ट्रान्स महिलांनी 35 पासून आणि बाकी सगळ्या एचआयव्हीवाल्यांनी 45 पासून हे करावं असं 2024 च्या इंटरनॅशनल गाइडलाइनमध्ये आहे. पण स्वॅब द्यायच्या आधी एकच विचारा, एचआरए करणारं कोणी आहे का? नसेल तर नुसता अ‍ॅबनॉर्मल रिपोर्ट घेऊन बसायचं कुठे, त्यापेक्षा तोवर दरवर्षी बोटाची तपासणी तरी करून घ्या.

दीड स्टार कापला तो फोनसाठी आणि वेटिंगमध्ये सगळ्यांसमोर 'गुदद्वाराच्या टेस्टवाले कोण?' असं ओरडणाऱ्या काउंटरसाठी. टोकन नंबर द्या ना राव.