पुण्यातला एक वर्षाचा इंटिरियर डिझाईन डिप्लोमा, फी भरण्याआधी हे वाचा (५ पैकी ३ स्टार)

गेल्या दोन महिन्यांत तीन जणींनी मला विचारलं की तू केलास तो कोर्स मी करू का. त्यातली एक माझी मावसबहीण, नुकतीच बारावी झालीये आणि मावशी तर चेक लिहायलाच बसली होती. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. इन्स्टिट्यूटचं नाव घेणार नाही, तिथले दोन शिक्षक मला अजून घरच्यासारखे आहेत आणि त्यांना त्रास झालेला मला चालणार नाही.

मी बीकॉम झाल्यावर २०१८ ला ॲडमिशन घेतली. फी १ लाख ६५ हजार, दोन हप्त्यांत, आणि ती फक्त फी, म्हणजे प्रिंट, मॉडेलचं सामान, परीक्षा फी, साईट व्हिजिटची बस असं सगळं वेगळं आणि सगळ्यात मोठा खर्च लॅपटॉपचा, कारण रेंडर, म्हणजे खोली तयार झाल्यावर कशी दिसेल त्याचं कॉम्प्युटरवरचं चित्र, काढायला साधा लॅपटॉप चालत नाही, १६ जीबी रॅम आणि ग्राफिक कार्ड लागतंच. सगळं धरून अडीच लाखांच्या वर गेले. बाबांनी एफडी मोडली होती. त्यामुळे 'एक कोर्स तर आहे, करून बघ' असं मी कोणालाच म्हणणार नाही.

आधी चांगलं सांगते, कारण जे चांगलं होतं ते खरंच चांगलं होतं.

फर्निचर शिकवणारे आमचे सर रिटायर्ड होते, आयुष्यभर साईटवर काढलेले. त्यांनी पहिल्याच महिन्यात एक असाईनमेंट दिली की घरी ओट्याजवळ स्टूल टाकून बसा, आठवडाभर, आणि स्वयंपाक करणारं माणूस कितीदा वाकतं, कितीदा टाचा उचलतं, कुठला ड्रॉवर कितीदा उघडतं ते लिहून आणा. आमच्याकडे आई. उंची ४ फूट ११ इंच, ओटा बिल्डर सगळ्यांना देतो तसाच ३४ इंचाचा, त्यावर पोळपाट ठेवला की अजून दोनेक इंच वर. पोळ्या लाटताना तिचे खांदे कानापर्यंत चढायचे आणि मी ते रोज बघत होते, बावीस वर्षं, पण 'दिसलं' त्या आठवड्यात. खांदा दुखतो म्हणून आम्ही तिला दोन डॉक्टर करून झाले होते! आज मी कुठलंही किचन करायला घेतलं की पहिला प्रश्न हाच असतो, पोळ्या कोण लाटतं आणि त्यांची उंची किती, आणि जागा असेल तर लाटायला ३० इंचाचा एक तुकडा वेगळा काढून देते. हे त्या सरांचं. या एका गोष्टीसाठी एक स्टार द्यायला मला काही वाटत नाही.

दुसरं चांगलं म्हणजे मटेरियल लायब्ररी. लॅमिनेट (सनमायका), व्हिनियर (खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा), हार्डवेअर सगळं हाताळायला मिळायचं, आणि बिजागरीचा झिरो क्रँक, एट क्रँक, सिक्स्टीन क्रँक (दरवाजा कपाटाच्या कडेवर पूर्ण बसतो, अर्धा बसतो की आत बसतो त्यानुसार बिजागरीचा बाक) हा फरक फोटोत कितीही बघितला तरी डोक्यात शिरत नाही, दरवाजा स्वतः लावून बघितला की दोन मिनिटांत कळतो.

आता जे खटकलं ते.

बारा महिन्यांतले जवळपास सात महिने सॉफ्टवेअरमध्ये गेले. ऑटोकॅड, स्केचअप, व्हीरे. सॉफ्टवेअर यायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही, त्याशिवाय नोकरीला कोणी उभं करत नाही. पण आमच्याकडून वर्षभर चित्रं काढून घेतली. सुंदर चित्रं, खिडकीतून ऊन आलंय, सोफ्यावर शाल टाकलीये. त्या चित्रातलं वॉर्डरोब बनवायला प्लायच्या किती शीट लागतील हे मात्र एकाही वर्गात कोणी विचारलं नाही. आणि धंदा सगळा तिथे आहे हो! प्लायची शीट ८ बाय ४ ची, म्हणजे ३२ स्क्वेअर फूट. ४ फुटांत २ फूट रुंदीचे दोन शटर, म्हणजे वॉर्डरोबचे उंच दरवाजे, बसतील असं कागदावर वाटतं, पण करवतीचं पातं स्वतः ३-४ मिलिमीटर खातं, त्यामुळे तुम्ही शटर बरोबर २ फुटांचं काढलंत तर एका शीटमध्ये दोन निघतच नाहीत, आणि चार शटरच्या वॉर्डरोबला दोनऐवजी चार शीट फोडायला लागतात. अर्धा इंच कमी ठेवलं असतं तर क्लायंटचे दोन शीटचे पैसे वाचले असते. हे मला मिस्त्रींनी शिकवलं, नोकरीत, फी न घेता.

तसंच प्लायच्या आयएसआय मार्कवरचे नंबर. ३०३ (सर्वसाधारण वापराची प्लाय) कुठे आणि ७१० (पाण्यात टिकणारी मरीन प्लाय) कुठे, सिंकखाली का ७१०च पाहिजे. सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा मला हे माहीत नव्हतं. बीओक्यू, म्हणजे कामाला कुठला माल किती लागेल त्याची यादी, हा शब्द ऐकला होता, पण स्वतः एकदाही बनवलेलं नव्हतं. कोटेशन कसं लिहायचं, ॲडव्हान्स किती टप्प्यांत घ्यायचा, डिझाईन फीवर १८ टक्के जीएसटी असतो तो क्लायंटला आधीच सांगायचा की नाही, यातलं काही नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटची व्हिजिट झाली, वर्षात एकदा, दोन तास, त्यातला अर्धा तास ग्रुप फोटोत गेला. नंतर मी आणि माझी मैत्रीण दर शनिवारी आपापल्या जायला लागलो, टिंबर मार्केट, लाईटसाठी तपकीर गल्ली, दुकानात उभं राहून लोक काय मागतात ते ऐकायचं. दुकानदार सुरुवातीला 'काय पाहिजे ताई' म्हणून कंटाळायचे, मग एका काकांनी स्टूल दिलं आणि कोरी प्लाय ठोकून आवाजावरून आतली पोकळी कशी ओळखायची ते दाखवलं.

वर्कशॉप होतं, पण एका बॅचला आठवड्यातून दीड तास, आणि मशीन बिघडलं तर पुढचा आठवडा कोराच.

प्लेसमेंटबद्दल: ॲडमिशनच्या वेळी '१०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स' सांगितलं होतं. असिस्टन्स म्हणजे पाच फर्मचे नंबर मिळाले. त्यातल्या दोघांना माणूस नको होता, एकांना मॉड्युलर किचनच्या शोरूममध्ये सेल्सला मुलगी हवी होती. माझी नोकरी मला शेवटी कर्वेनगरातल्या एका छोट्या फर्ममध्ये माझी मी शोधून मिळाली, पहिले तीन महिने ८ हजार स्टायपेंड, मग १४ हजार. अडीच लाख घालून १४ हजार हे ऐकून घरी दोन दिवस कोणी काही बोललं नाही. पण सुरुवात साधारण इथूनच होते, निदान माझ्या बॅचमधल्या बहुतेकांची तरी इथूनच झाली, तर तेवढी तयारी ठेवून या.

त्या नोकरीतला एक दिवस सांगते, कारण कोर्समध्ये काय राहिलं ते त्याच दिवशी मला कळलं. सिंहगड रोडला जुना फ्लॅट, बेडरूममध्ये दोन भिंतींच्या मधे वॉर्डरोब बसवायचं होतं. मी टेप लावून मागच्या भिंतीला माप घेतलं, ६ फूट २ इंच, ड्रॉइंग केलं, सुताराने त्या मापाने सगळं कापलं. बसवायला गेलो तर आतच जाईना. मिस्त्रींनी खिशातून गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) काढला, कोपऱ्यात लावला आणि म्हणाले, "मॅडम, दीवार गुनिया में नहीं है." मागे ६ फूट २ इंच आणि पुढे तोंडाशी ६ फूट अर्धा इंच. दीड इंचाचा फरक, डोळ्याला अजिबात दिसत नव्हता. वरचा टॉप, खालचा बॉटम, सगळे शेल्फ, बॅक, परत कापलं, शटरवर लॅमिनेट चिकटवून झालं होतं त्याचा डिझाईनचा मेळ गेला, ती शटर फेकली. पैसे फर्मने भरले. फ्लॅटच्या मालकीण काकू दारात उभं राहून सगळं बघत होत्या, काही बोलल्या नाहीत, चहा आणून दिला, आणि मला तो चहा घशाखाली उतरेना.

मग मिस्त्रींनी दुपारी जेवण झाल्यावर मला बसवून शिकवलं. माप कधीही एका जागी घ्यायचं नाही, खाली, मधे, वर, आणि प्रत्येक ठिकाणी पुढे आणि मागे. गुण्या नसेल तर कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर खूण, दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरलं तर कोपरा गुण्यात. ओळंबा सोडून भिंत उभी सरळ आहे का ते बघायचं. आणि सगळ्यांत कमी जे माप येईल त्यातून अजून थोडी जागा सोडायची, उरलेली फट पट्टीने झाकायची. हे सगळं शिकवायला वर्कशॉपमध्ये एक दुपार पुरते. वर्षभरात ती एक दुपार आमच्या वाट्याला आली नाही याचा मला आजही राग येतो.

अजून एक, ॲडमिशनच्या वेळी २५ हजार जास्त घेऊन 'इंटरनॅशनल सर्टिफिकेट' देतात, ते घेऊ नका. माझ्या आजवरच्या एकाही क्लायंटने ते मागितलेलं नाही. आपल्याकडे इंटिरियर डिझायनर म्हणून काम करायला सरकारी लायसन्स लागत नाही. आर्किटेक्टचं वेगळं आहे, १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनुसार काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय ते नाव लावता येत नाही, तेव्हा डिप्लोमा करून व्हिजिटिंग कार्डवर आर्किटेक्ट छापू नका, आमच्या बॅचच्या एकाने छापलं होतं. आणि भिंत पाडायची वेळ आली की स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका, क्लायंट कितीही म्हणो. सोसायटीची परवानगी, राडारोडा कुठे टाकायचा, दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद, हे पण सगळं आपल्यालाच सांभाळायला लागतं आणि हेही कोणी शिकवत नाही.

मग कोर्स करायचा की नाही? मावसबहिणीला मी सांगितलंय की बारावीनंतर आहेस, वेळ आहे, तर आधी चार-पाच वर्षांच्या डिग्रीचं बघ, अहमदाबादच्या सेप्ट युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणी प्रयत्न तरी कर. माझ्यासारखं ग्रॅज्युएशननंतर वळायचं असेल आणि एकच वर्ष हातात असेल तर हा डिप्लोमा घ्या, पण पहिल्या महिन्यापासून शनिवार-रविवार कुठल्यातरी साईटवर उभं राहायची सोय आधी करा, फुकट करायला लागलं तरी. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्सचं पुणे चॅप्टर आहे, त्यांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा, काम देणारी माणसं तिथे प्रत्यक्ष भेटतात.

डेमो लेक्चरला बोलावतील तेव्हा काउन्सेलरच्या एसी केबिनमध्ये रेंडर बघत बसू नका. वर्कशॉप दाखवा म्हणा, मागच्या बॅचच्या कोणाचंतरी बीओक्यू दाखवा म्हणा, आणि हप्ता चुकला किंवा मधेच सोडलं तर पैसे परत मिळतात का ते लेखी घ्या. आमच्यातल्या एकीला लग्न ठरल्यामुळे चौथ्या महिन्यात सोडावं लागलं, तिला एक रुपया परत मिळाला नाही, कारण फॉर्मच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं आणि आम्ही कोणीच ते पान उलटलं नव्हतं.