नवीन सर्वेअरने पहिलं मशीन कुठलं घ्यावं? सोकिया बी४० ऑटो लेव्हल, वापरून सांगतोय

आयटीआयचा दोन वर्षांचा सर्वेअर ट्रेड किंवा सिव्हिल डिप्लोमा करून बाहेर पडलेली पोरं भेटली की एकच विचारतात, सर स्वतःचं काम सुरू करायचंय, पहिलं मशीन कुठलं घेऊ? बहुतेकांच्या डोक्यात टोटल स्टेशन (कोन आणि अंतर दोन्ही मोजणारं मशीन) नाहीतर थेट आरटीके (सॅटेलाइटवरून अचूक जागा काढणारं मशीन) असतं. घरच्यांकडून पैसे काढायचे, कर्ज काढायचं आणि मग हप्ता भरायला काम शोधत फिरायचं. माझं म्हणणं असं की आधी ऑटो लेव्हल, म्हणजे दोन ठिकाणांच्या उंचीतला फरक काढायची दुर्बीण, घ्या, आणि घ्यायचाच तर सोकियाचा बी४० घ्या. टोटल स्टेशन भाड्याने मिळतं, ज्या दिवशी काम असेल त्या दिवशी आणा, भाडं बिलात लावा.

कारण साइटवर रोजचं काम लेव्हलचंच असतं. फूटिंगची (पायाची) खोदाई किती झाली, पीसीसीचा (पायाखालच्या साध्या काँक्रीटचा) टॉप कुठे येणार, प्लिंथ (जोतं) किती उचलायची, ड्रेनेजच्या लाईनला स्लोप मिळतो का, रस्त्याचं काम असेल तर मुरमाच्या थरापासून प्रत्येक थराला लेव्हल द्यायच्या. छोटे बिल्डर आणि कॉन्ट्रॅक्टर अजून पाण्याच्या नळीवर लेव्हल काढतात, त्यांना अर्ध्या दिवसात अख्ख्या प्लॉटची ग्रिड लेव्हल (चौकोन आखून प्रत्येक कोपऱ्यावरची उंची) काढून दिली की पुढच्या साइटला ते स्वतःहून फोन करतात.

आता मशीनबद्दल. बी४० ची दुर्बीण २४ पट मोठं दाखवते, अचूकता कंपनीने एक किलोमीटरच्या दुहेरी (जाऊन-येऊन केलेल्या) लेव्हलिंगला २ मिमी दिलीय. वजन पावणेदोन किलोच्या आसपास, म्हणजे खांद्यावर स्टँड आणि हातात बॉक्स घेऊन डोंगरउतारावरच्या प्लॉटवर चढता येतं. गोल बबल मधोमध आणला की आतला कॉम्पेन्सेटर (नजरेची रेषा आपोआप आडवी करणारा भाग) उरलेलं काम करतो आणि तो चुंबकाने लगेच स्थिर होतो. शेजारी ब्रेकर किंवा रोलर चालू असला तर कुठल्याही लेव्हलची इमेज थरथरते, त्याला इलाज नाही, दोन मिनिटं थांबायला सांगायचं. पण जेसीबी बाजूने निघून गेल्यावर इमेज पटकन शांत होते हे मला फार आवडतं. आडवा बारीक फिरवायचा स्क्रू दोन्ही बाजूंना आहे आणि तो कितीही फिरवा, संपत नाही, नवशिक्याला याचं महत्त्व पहिल्या दिवशी कळत नाही पण दिवसभर दुर्बिणीतून स्टाफ (समोर उभी धरायची आकड्यांची पट्टी) शोधत बसलं की कळतं. जवळचा फोकसही मस्त, अगदी अरुंद खोलीत समोरच्या भिंतीवर लेव्हल मारायची असेल तरी चालतं. पाण्यापासून संरक्षण आयपीएक्स६ आहे, पावसाची सर आली तर मशीन जात नाही. फक्त ओलं मशीन तसंच बॉक्समध्ये बंद करून ठेवू नका, कोकणात तर अजिबात नको, घरी आल्यावर पुसून बॉक्स उघडा ठेवा नाहीतर लेन्सला बुरशी धरते.

कमी कुठे पडतं? लांबच्या वाचनात. ५०-६० मीटरच्या पुढे २४ पटीत मिलिमीटरचा अंदाज घेणं अवघड जातं, आणि मे महिन्यात मराठवाड्यात दुपारी १२ नंतर जमिनीलगतची हवा अशी लहरते की स्टाफवरचा आकडा नाचतो. त्यामुळे पल्ला छोटा ठेवा, लेव्हलची रेषा जमिनीपासून अर्धा मीटर तरी वर राहील असं मशीन लावा, आणि लांब कॅनॉल किंवा रस्त्याची कामं सकाळी उरका. ज्यांना अशीच कामं जास्त मिळणार आहेत त्यांनी याच मालिकेतला ३२ पटीचा बी२० बघावा, त्याची अचूकता ०.७ मिमी आहे, पण घरं, बंगले, सोसायटीची कामं करणाऱ्याने त्यासाठी जास्तीचे पैसे घालायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानातून उचलायच्या आधी टू पेग टेस्ट (दोन खुंट्यांवरून मशीनचा दोष तपासणं) करून बघाच, दुकानदार घाई करत असेल तरी. ५० मीटरवर दोन खुंट्या, मशीन बरोबर मध्ये, दोन्ही वाचनांतला फरक लिहा. मध्ये उभं राहिल्यावर मशीनचा दोष दोन्हीकडे सारखा येतो म्हणून हा फरक खरा असतो. मग मशीन एका खुंटीजवळ न्या आणि परत फरक काढा. दोन्ही फरकांत ३ मिमीपेक्षा जास्त तफावत आली तर ते मशीन कॅलिब्रेशन करून द्या म्हणायचं. पुढे ही टेस्ट महिन्यातून एकदा आणि मशीन कुठे आपटलं की लगेच. साइटवरही बॅकसाइट (माहीत असलेल्या उंचीवरचं पहिलं वाचन) आणि फोरसाइट (मशीन हलवण्याआधीचं शेवटचं वाचन) यांचं मशीनपासूनचं अंतर जमेल तेवढं सारखं ठेवायची सवय लावा.

हिशोब सोपा आहे. टीबीएम (साइटवर ठरवलेली तात्पुरती संदर्भ उंची) १००.०००, बॅकसाइट १.४२५, म्हणजे मशीनची (दुर्बिणीच्या रेषेची) उंची १०१.४२५, आणि समोर वाचन २.१८० आलं तर तिथली आरएल (त्या संदर्भाने आलेली उंची) ९९.२४५, सगळं मीटरमध्ये. पण फील्डबुक भरताना शेवटी सगळ्या बॅकसाइटची बेरीज वजा फोरसाइटची बेरीज पहिल्या आणि शेवटच्या आरएलच्या फरकाशी जुळते का ते साइट सोडायच्या आधी बघा, ऑफिसला येऊन नाही, कारण तोपर्यंत काँक्रीटची गाडी आलेली असते.

एक गोष्ट शेतकरी मंडळींकडून विचारली जाते, साहेब आमची हद्द काढून द्या. या मशीनचं ते काम नाही आणि खासगीत आपण मोजून दिलेल्या नकाशाला भूमी अभिलेखच्या क प्रतीची (सरकारी मोजणीच्या नकाशाची) किंमत येत नाही, हे पैसे घ्यायच्या आधी त्यांना नीट समजावून सांगा. ज्याला त्याच बाजूला जायचंय त्याने भूकरमापकाच्या (सरकारी जमीन मोजणीदाराच्या) भरतीची तयारी करावी, टायपिंगची सर्टिफिकेटं, मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांची, आधीच काढून ठेवावीत, जाहिरात आल्यावर धावपळ होते.

स्टँड आणि स्टाफचे पैसे डीलर बऱ्याचदा वेगळे लावतो, ते भावात आधीच बोलून घ्या. स्टाफ चार मीटरचा उघडून प्रत्येक जोडाशी टेप लावून बघा, जोड सैल असेल तर मशीन कितीही चांगलं असू दे, लेव्हल चुकणारच. स्टाफला लावायचा छोटा गोल बबलही मागून घ्या आणि हेल्परला तो वापरायला लावा. मशीनला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो लांबच्या वाचनासाठी.