जॉय डिव्हिजनचा 'सबस्टन्स': दहा गाण्यांचा घ्यावा की सतरा?

जॉय डिव्हिजन हा मँचेस्टरचा रॉक बँड. त्यांचा हा संग्रह मागवताना बँडचं नाव आधी वाचा. 'सबस्टन्स' याच नावाचा न्यू ऑर्डरचा (जॉय डिव्हिजनमधल्यांचाच नंतरचा बँड) संग्रह १९८७ मध्ये आला आणि जॉय डिव्हिजनचा १९८८ मध्ये. दोन्ही फॅक्टरी रेकॉर्ड्स या कंपनीचे, त्यामुळे घोळ ठरलेला.

गाजलेली गाणी वेचून बांधलेली मोळी असेल, असं वाटून हा संग्रह बाजूला ठेवू नका. या मँचेस्टरकरांची सिंगल्स, म्हणजे एकदोन गाण्यांच्या सुट्या तबकड्या, बहुतेक अल्बमबाहेरच राहिली. 'ट्रान्समिशन' किंवा 'लव्ह विल टेअर अस अपार्ट' शोधायला 'अननोन प्लेझर्स' आणि 'क्लोजर' हे त्यांचे दोन्ही अल्बम उलथेपालथे केलेत तरी सापडणार नाहीत. 'अ‍ॅटमॉस्फिअर' आणि 'डेड सोल्स' तर मार्च १९८० मध्ये फ्रान्समध्ये अवघ्या १,५७८ प्रतींत निघाली होती, आणि 'कोमाकिनो' फुकट वाटलेल्या फ्लेक्सी (पातळ, लवचिक) तबकडीवर. म्हणजे हा बँडचा तिसरा अल्बमच धरा.

दुसऱ्या गाण्यावरून तिसऱ्यावर जाताना कान टवकारा. 'लीडर्स ऑफ मेन' हे डिसेंबर १९७७ मधलं, ओल्डहॅमला ध्वनिमुद्रित झालेलं घाईचं, कोरडं पंक. पुढचं 'डिजिटल' १९७८ चं. इथे निर्माता मार्टिन हॅनेट येतो आणि खोलीच बदलते. ड्रमचा ठोका न् ठोका सुटा, त्यामागे डिजिटल डिलेचा (आवाज क्षणभराने परत ऐकवणाऱ्या यंत्राचा) बारीक पडसाद. गिटार एका कडेला सरकते आणि पीटर हुकचा बास वरच्या पट्टीत चाल धरतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या गोंगाटात स्वतःचा बास ऐकू यावा म्हणून त्याला लागलेली ही सवय. बँडची ओळख तीच झाली.

'शीज लॉस्ट कंट्रोल' इथे बारा इंची सिंगलच्या आवृत्तीत आहे: नव्याने वाजवलेलं, शेवटी एक कडवं जास्तीचं. 'अननोन प्लेझर्स'मधलं डोक्यात बसलेल्यांना सुरुवातीला खटकेल.

खरी तक्रार क्रमाची. १९८८ च्या एलपीवर दहाच गाणी. सीडीवर सतरा, पण जादा सात शेपटासारखी मागे जोडलेली. त्यामुळे १९८० च्या 'लव्ह विल टेअर अस अपार्ट'नंतर एकदम १९७७ चं 'नो लव्ह लॉस्ट' अंगावर येतं. उपाय सोपा, सीडीचे क्रमांक असे लावा: १, ११, २, १२, ३, १३, ४, १४, ५, १५, ९, ८, १६, ७, १०, १७, ६. मग शेवटचं सोडून प्रत्येक गाणं आपल्या जोडीदाराशेजारी, म्हणजे मूळ तबकडीवरच्या सोबतच्या गाण्याशेजारी बसतं आणि सव्वादोन वर्षांत आवाज कुठून कुठे गेला ते सलग ऐकू येतं.

एलपीच हवी तर २०१५ ची दुहेरी घ्या. तिच्यावर एकोणीस गाणी आहेत. 'अ‍ॅज यू सेड' आणि 'लव्ह विल टेअर अस अपार्ट'ची पेनाइन स्टुडिओतली आवृत्ती ही दोन वाढीव. जुन्या दहावालीत 'ग्लास' नाही, 'दीज डेज' नाही. तिच्यासाठी जास्त पैसे मोजणं हा निव्वळ संग्राहकाचा हट्ट.

आणि 'डेड सोल्स' लावल्यावर घाई नको. गायक इयन कर्टिसचा आवाज दोन मिनिटं उलटल्यावर येतो.