नॅनीच्या पगाराची सर्व्हिस: पाचपैकी साडेतीन

न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्याकडे बाळाला सांभाळायला येणाऱ्या मावशींना पहिले दोन महिने रोखच पगार दिला. मग टॅक्सवाल्याने डोळे वटारले. घरात असं काम करणारी व्यक्ती ही कर्मचारी, तुम्ही मालक; आणि २०२५ साली तिला वर्षभरात २,८०० डॉलर किंवा जास्त दिले की सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा) यांचा कर भरावा लागायचा. "१०९९ (स्वतंत्र कंत्राटदाराचा फॉर्म) देऊन टाकू" हा आमच्या ग्रुपवरचा लाडका सल्ला चुकीचा आहे. तिथे डब्ल्यू-टू, म्हणजे कर्मचाऱ्याचा पगार-कपातीचा फॉर्मच लागतो.

म्हणून ही ऑनलाइन सर्व्हिस घेतली. तासाला २२ डॉलर, आठवड्याचे ४० तास, म्हणजे ८८०. त्यातून सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्के, ६७.३२ डॉलर, मावशींचे कापतात आणि तेवढेच आम्ही घालतो. न्यू जर्सीची कपात वेगळी. हे सगळं आपोआप होतं, वर्षअखेरीला शेड्युल एचसुद्धा (घरच्या कर्मचाऱ्याच्या करांचा, आपल्या टॅक्स रिटर्नला जोडायचा फॉर्म) भरून हातात येतं. नवऱ्याची एक्सेल शीट सुटली, हेच मोठं सुख.

पण एका आठवड्यात ४५ तास झाले, तर यांनी सरळ ९९० लावले. चाळीसच्या वरचे पाच तास दीडपट हवेत, म्हणजे १,०४५. चूक मावशींनीच पकडली, पे स्लिपवर बोट ठेवून: "ताई, हे पंचावन्न कुठे गेले?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सपोर्टवाल्यांनी तीन दिवस नुसतं चॅटवर झुलवलं. पैसे मी त्याच संध्याकाळी दिले, हिशोब पुढच्या स्लिपमध्ये दुरुस्त झाला.

मावशींना सुरुवातीला कपात नको होती. आता पेन्शनसाठी जमा होणारे सोशल सिक्युरिटीचे क्रेडिट स्वतः मोजतात.