बारावीनंतर बाहेरगावी जाणाऱ्या पोरांसाठी जळगावचा १२ दिवसांचा क्लास, आमचा अनुभव

खूप जणींनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. २०२५ च्या मे महिन्यात मी माझ्या मुलाला जळगावला एका मॅडमच्या घरी १२ दिवसांच्या क्लासला पाठवलं होतं. मॅडम होम सायन्सच्या रिटायर्ड शिक्षिका आहेत, घराच्या मागच्या दोन खोल्यांत शिकवतात, बोर्ड नाही की जाहिरात नाही, सगळं एकमेकांच्या सांगण्यावरून चालतं. बॅचला ११ पोरं, ६ मुलं ५ मुली, सगळी बारावी झालेली आणि पुणे, नाशिक, संभाजीनगरकडे जाणारी. फी २२०० रुपये. शिकवायचं काय तर स्वतःचे पैसे स्वतः कसे चालवायचे आणि स्वतःचं जेवण, कपडे, खोली कशी सांभाळायची.

आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचे, तो रोज जाऊन-येऊन करायचा. आमच्या गावात १९४५ साली विप्रोची सुरुवात झाली, जुन्या लोकांनी शेअर जपून ठेवले आणि त्यांचं काय झालं ह्या गोष्टी इथल्या पोरांना तोंडपाठ असतात. माझ्या मुलालाही शेअर, एसआयपी सगळं बोलता यायचं. पण एक किलो तुरीची दाळ कितीला येते आणि ती घरात किती दिवस पुरते हे विचारलं तर तो गप्प. चूक त्याची नाही, आम्हीच कधी त्याला दुकानात पाठवलं नाही, अभ्यास कर अभ्यास कर एवढंच म्हणत राहिलो आणि मग सीईटी झाल्यावर मला एकदम धडकी भरली की हा दोन-तीन महिन्यांत पुण्याला जाणार आणि याला साधा कुकर लावता येत नाही.

सासूबाईंना आधी पटलं नाही. "आंडोरले काय सैपाक शिकाडस व माय?" (पोराला काय स्वयंपाक शिकवतेस गं बाई?) असं दोन दिवस चाललं होतं. मिस्टर पण म्हणाले की मेस लावून देऊ ना, त्यात काय एवढं. मी ऐकलं नाही.

आता क्लासमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. पहिल्याच दिवशी मॅडमनी पालकांना बोलावून सांगितलं की पोराच्या हातात रोख १५०० रुपये द्या, ते ६ दिवसांचे, त्यात रोजचं जाणं-येणं, नाश्ता, मोबाईलचा रिचार्ज, क्लासमध्ये जे रांधायचं त्यातला त्याचा वाटा, सगळं आलं. संपले तर मागायचे नाहीत आणि तुम्ही द्यायचे नाहीत. घरून डबा न्यायचा असेल तर स्वतः बनवलेलाच न्यायचा. मोबाईलवरून पेमेंट पहिले ६ दिवस बंद, कारण मॅडमचं म्हणणं असं की नोट हातातून जाते तेव्हा ती गेलेली दिसते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या पोराकडे ३१० रुपये उरले होते. वहीत हिशोब लिहायचा, डावीकडे जमा उजवीकडे नावे म्हणजे खर्च, जुन्या पद्धतीनं. रिचार्ज २९९, नवीन मित्रांसोबत थंड पिणं आणि वडे ३४०, तिकीट आणि रिक्षा १८०, एका मुलाला उसने दिलेले ३००. सगळं मिळून १११९ होतात, आणि गेलेले तर ११९०. ते ७१ रुपये कुठं गेले त्याला आठवेचना. मी म्हटलं अरे लिही काहीतरी, किरकोळ म्हणून टाक. तर तो म्हणे मम्मी मॅडमनी सांगितलंय किरकोळ हा शब्द वहीत नको, आठवत नसेल तर 'माहीत नाही' असंच लिहायचं लाल पेननं. ते लाल पेननं लिहिलेलं बघून त्याला जे वाटलं ना ते मी वर्षभर बोलून पण झालं नसतं.

मग चौथ्या दिवशी हा पोरगा पहाटे ५ ला उठून स्वतः पोहे करत होता, डब्यासाठी. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, हात शिवशिवत होते पण आत गेले नाही. कांदा जाड कापलेला, हळद जास्त, पण नेले त्यानं. स्टेशनवरून क्लासपर्यंत रिक्षा सोडून चालायला लागला, मे महिन्यातलं जळगावचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, म्हणून मी छत्री आणि पाण्याची बाटली तेवढी हातात दिली. सहाव्या दिवशी २२ रुपये घेऊन घरी आला. पुढच्या ६ दिवसांसाठी मॅडमनी १२०० च द्यायला लावले आणि त्यातले १४० उरले.

ते उसने दिलेले ३०० रुपये, त्याच्यावर मॅडमनी एक पूर्ण दिवस घालवला आणि मला वाटतं हॉस्टेलला जाणाऱ्या पोरांना ह्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. हॉस्टेलमध्ये पैसे चैनीत तर जातातच पण जास्त जातात ते असे, ५० दे, १०० दे, उद्या देतो, आणि मग मागायला लाज वाटते. वहीत उधारीचं वेगळं पान करायला लावलं, कोणाला, कधी, किती, कधी परत. आणि समोरासमोर बसवून मागायची सवय करून घेतली, आणि नाही म्हणायची पण. माझा मुलगा भिडस्त, त्याला हे फार जड गेलं, पण शेवटच्या दिवशी त्यानं ते ३०० मागून घेतले, त्या मुलानं पण हसत दिले, दोघं आजही चांगले मित्र आहेत.

स्वयंपाक बेताचाच शिकवला, वरण-भात, मुगाची खिचडी, पोहे, एक रस्सा भाजी काळ्या मसाल्याची, भाकरी. भाकरी ११ पैकी ३ जणांनाच जमली. कुकरची शिट्टी-रिंग तपासणं, गॅसचा वास आला तर काय करायचं, शिळं कधी खायचं आणि कधी टाकायचं, हे नीट घेतलं. मेसबद्दल पण छान सांगितलं, जेवण बघायला रविवारी जायचं नाही कारण त्या दिवशी फीस्ट असते, मधल्या वारी जायचं, आणि पैसे भरायच्या आधी खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचा, नियम विचारायचा, किती आधी सांगावं लागतं, सलग किती खाडे झाले तर पैसे वजा होतात. प्रत्येक मेसचं वेगळं असतं.

बँकेचा दिवस मला स्वतःला उपयोगी पडला. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये सांगितलंय की १० वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या नावानं बचत खातं उघडून स्वतः चालवता येईल, मर्यादा किती ते बँक ठरवणार. आणि १८ पूर्ण झाले की बँक नव्यानं सही घेते. माझा मुलगा ऑक्टोबरमध्ये १८ चा झाला, दिवाळीला घरी आला तेव्हा आधी ते काम करून घेतलं, नाहीतर आम्हाला पत्ताच नसता. मॅडमचा सल्ला दोन खात्यांचा होता, एकात फी आणि भाड्याचे, त्याला मोबाईल पेमेंट जोडायचं नाही, दुसऱ्यात फक्त महिन्याच्या खर्चाचे. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, कोणी घेण्यासाठी पिन टाक म्हटलं की समजायचं फसवणूक आहे, लगेच १९३० ला फोन. हे पोरांकडून पाठ करून घेतलं.

बॅचमध्ये नंदुरबारकडची दोन मुलं होती, मामाकडे राहून यायची, ती सरकारच्या स्वयंम योजनेचा फॉर्म भरणार होती, सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांसाठी असते ती. पुण्यासारख्या शहरासाठी त्यात वर्षाला ६० हजार मिळतात, ३२ हजार जेवणाचे, २० हजार राहण्याचे, ८ हजार इतर. मॅडमनी सगळ्यांनाच ते गणित घातलं. ३२ हजार भागिले १२ म्हणजे महिन्याला २६६६ रुपये, आणि पैसे दर महिन्याला येत नाहीत, हप्त्यानं येतात, तर मधले महिने कसे काढायचे. पोरं अर्धा दिवस त्याच्यावर बसली होती. माझ्या पोराला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपल्या शेजारी बसलेला मुलगा किती विचार करून खर्च करतो. घरी येऊन बराच वेळ काही बोलला नाही.

माझ्या बहिणीच्या मुलीला पण पुढच्या बॅचला घालतोय. मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसमध्ये बसत असेल आणि घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर. बहिणीला वाटलं आता काहीच खर्च नाही. अगं राहायचं, खायचं, येण्या-जाण्याचं आहेच की, तेच तर मोठं असतं.

आता जे कमी वाटलं ते. २२०० फी सगळ्यांना परवडेल असं नाही, दोन भावंडं असतील तर काहीतरी कमी करायला हवं, मी मॅडमना तसं बोलले पण आहे. ११ पोरं आणि एकच कूलर, दुपारी हाल होतात. कपडे धुण्याचा एकच दिवस आणि तोही घाईत, माझ्या पोरानं पुण्यात पहिल्याच आठवड्यात पांढरा शर्ट गुलाबी करून ठेवला. आणि भाड्याच्या खोलीचा विषय तासाभरात उरकला, मला ते चुकीचं वाटतं. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला असायला लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे, एवढं सांगितलं त्यांनी. पण कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतला एकच पलंग भाड्यानं, जागा घेताना पोरांना आधी एका कॉटचे पैसे सांगतात, मग लाईट बिल वेगळं, पाण्याचं वेगळं, डिपॉझिट कधी परत मिळणार ते गुळमुळीत. आम्हाला पण एका ठिकाणी पावती मिळाली नाही आणि २००० रुपये गेले. ह्या विषयाला पूर्ण दिवस पाहिजेच. आजारी पडल्यावर काय करायचं हे पण मी घरीच शिकवलं, ओआरएस, ताप मोजणं, डॉक्टरकडे कधी जायचं.

पालकांसाठी एक, क्लास चालू असताना मधेच गुपचूप पैसे देऊ नका. बॅचमधल्या एका आईनं दिले होते, पोराची वही जुळेना आणि तो सगळ्यांसमोर रडकुंडीला आला, बिचाऱ्याची काही चूक नसताना.

शेवटच्या दिवशी पोरांनी मिळून पालकांना जेवायला घातलं, ११ जणांच्या वर्गणीत, खिचडी, कढी, भाकरी, ठेचा. सासूबाई पण आल्या होत्या. नातवाच्या हातची खिचडी खाल्ली, दोनदा घेतली आणि म्हणाल्या, "मीठ जरासं कमी शे." पुण्याला जाताना त्यांनीच त्याच्या पिशवीत काळ्या मसाल्याचा डबा आणि बिबड्या (ज्वारीचे पापड) भरून दिल्या.

ती वही तो अजून लिहितो. मी बघत नाही, तोच फोनवर सांगतो, मागच्या महिन्यात म्हणाला मम्मी ८ खाडे झाले, मेसवाल्या काकांकडून वजा करून घेतले.

मे महिन्याच्या बॅचची जागा एप्रिलच्या मध्यातच भरते, त्यामुळे परीक्षा संपायची वाट बघू नका. बाहेरगावचं पोर असेल तर त्याला सोडायला-आणायला जाऊ नका, एकट्यानं येऊ द्या, मॅडम त्याचे पण पैसे वहीत लिहायला लावतात.