टेक्निकल रायटरांची मासिक बैठक: दुसऱ्या तासासाठी जरूर जा

मी सॉफ्टवेअर कंपनीत टेक्निकल रायटर आहे, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते सांगणारी पानं लिहिते. डेव्हलपर पुष्कळ, डॉक्युमेंटेशनला मी एकटी. डेव्हलपर माझं पान तपासतात ते माहिती चुकलेली नाही ना, एवढ्यापुरतंच. ते वाचून नवख्या माणसाला काम जमेल का, हे सांगणारं ऑफिसात कोणी नाही. जानेवारी 2025 मध्ये सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही टेक्निकल रायटरांची जुनी संस्था बंद झाली. तेव्हापासून मी रायटरांनीच चालवलेल्या या छोट्या ऑनलाइन बैठकीची एकही तारीख चुकवलेली नाही.

पहिला तास भाषणाचा. दर्जा कमीजास्त. डायाटॅक्सिसवरचं, म्हणजे डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार वेगवेगळे ठेवण्याच्या पद्धतीवरचं भाषण उत्तम झालं. शिकवणी, कृती, संदर्भ आणि स्पष्टीकरण एकाच पानात कोंबलं की वाचक कुठे हरवतो, ते वक्त्याने स्वतःचंच जुनं पान उलगडून दाखवलं. टूलवरची भाषणं मात्र मी टाळते. मेनू दाखवण्यातच वेळ जातो.

खरं मोल दुसऱ्या तासाचं, पानवाचनाचं. नियम एकच: ज्याचं पान, त्याने गप्प बसायचं. दुसरा रायटर स्क्रीन शेअर करतो, मोठ्याने वाचतो आणि लिहिलंय तसं करून बघतो.

मार्चमध्ये माझं एपीआय (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून काम करून घ्यायची सोय) एररचं पान होतं. 401 आणि 403 हे सर्व्हरने नकार दिल्याचे एरर कोड. दोन्हींपुढे मी लिहिलं होतं, ‘टोकन (ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) तपासा’. वाचणाऱ्या ताईंना टेस्ट खात्यावर 403 आला. त्यांनी नवं टोकन काढलं. पुन्हा 403. तिसरं काढलं. टोकन ठीक आहे, त्या खात्याला परवानगीच नाही, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं! 401 म्हणजे तुम्ही कोण ते सर्व्हरला पटलेलं नाही. 403 म्हणजे ओळख पटली, पण या कामाची मुभा नाही. मला हे पाठ होतं, पानावर नव्हतं. आणि तेच पान दोन डेव्हलपरांनी पास केलं होतं. त्याच रात्री दोन्ही एररचे उपाय वेगळे लिहून पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, टाकली.

तक्रार एकच. तासाभरात दोनच पानं होतात, त्यामुळे नंबर लागायला तीन-तीन महिने जातात. 2013 पासून भरणाऱ्या, डॉक्युमेंटेशनवरच्या ‘राइट द डॉक्स’ परिषदांमधल्या भाषणांचे व्हिडिओ फुकट बघायला मिळतात, तेव्हा ऐकण्याची सोय आहेच. पान वाचून घेण्याची सोय मला दुसरीकडे सापडलेली नाही. आयोजकांनी भाषण अर्ध्या तासावर आणावं आणि आणखी एक पान घ्यावं, ही मनापासून विनंती.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जाहीर झालेलंच पान न्यावं. रिलीज न झालेलं फीचर तिथे दाखवू देत नाहीत, ते योग्यच आहे. आणि आपलं सर्वांत देखणं पान नेऊ नका. सपोर्टकडे ज्याच्यामुळे मदत मागणारी सर्वांत जास्त तिकिटं येतात, ते न्या.