एलसीएसएच, फास्ट की विकिडेटा: मार्क नोंदीत कोणाचा ओळखक्रमांक, कुठल्या सबफील्डात?

मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे, कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली चालू आहे, पुस्तकांच्या नोंदी मार्क २१ या यंत्राला वाचता येणाऱ्या साच्यात आहेत आणि आता लेखक-विषयांच्या शीर्षकांना ओळखक्रमांक जोडायचे आहेत. पर्याय मुख्यतः तीन: लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षके म्हणजे एलसीएसएच (सोबत तिचीच नावांची फाइल), त्यांवरून बेतलेली, ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेची फास्ट ही विषययादी, आणि विकिडेटा, म्हणजे विकिपीडियाच्या परिवारातला खुला माहितीसाठा. खाली सगळे कोड नागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष नोंदीत ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच भरायचे. ही सूचना वाटते तितकी बाळबोध नाही, हे शेवटी दिसेल.

आधी $० आणि $१

यादी कोणतीही निवडा, क्रमांक चुकीच्या घरात बसला तर सगळे मुसळ केरात. मार्क नोंदीचे प्रत्येक क्षेत्र $ चिन्हाच्या सबफील्डांत, म्हणजे छोट्या घरांत, विभागलेले असते. त्यांपैकी $० मध्ये अथॉरिटी नोंदीचा, म्हणजे शीर्षकाचे ठरलेले रूप सांगणाऱ्या नोंदीचा, क्रमांक जातो, तर $१ मध्ये प्रत्यक्ष माणसाचा, गावाचा किंवा वस्तूचा. हा शब्दांचा कीस वाटत असेल तर राम गणेश गडकरी घ्या. १८८५ मध्ये जन्मलेला माणूस एकच. नाटके त्याने स्वतःच्या नावाने लिहिली, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेख बाळकराम म्हणून. तालिकीकरणाच्या (कॅटलॉगिंगच्या) नियमांत टोपणनावाला स्वतंत्र अथॉरिटी नोंद करता येते, म्हणजे एकाच माणसाचे $० दोन-तीन होऊ शकतात. विकिडेटावर मात्र साधारणपणे माणसामागे एकच नोंद असते, म्हणून सगळ्या शीर्षकांपुढे $१ एकच. गडकरी शोधणाऱ्या वाचकापुढे गोविंदाग्रजांच्या कविताही आणून ठेवायच्या असतील, तर दुवा या $१ चाच.

विकिडेटाचा दुवा $० मध्ये टाकला की प्रणाली त्याला शीर्षकाची अथॉरिटी नोंद समजते. विकिडेटाकडे अधिकृत शीर्षक नसतेच. तिथे असते ते लेबल, आणि ते कोणीही बदलू शकतो.

एलसीएसएच आणि फास्ट

खरी निवड इथे आहे. एलसीएसएच विषयाची साखळी बनवते: ‘मराठी साहित्य – इतिहास आणि समीक्षा’ (मूळ इंग्रजीत, इथे भाषांतर). वाचायला उत्तम, पण अशा प्रत्येक साखळीची अथॉरिटी नोंद केलेली नसते. मग बरेच जण पहिल्या तुकड्याचा, म्हणजे नुसत्या ‘मराठी साहित्य’चा क्रमांक काढून साखळीच्या शेवटी चिकटवतात. हे चूक आहे, कारण $० संपूर्ण शीर्षकाला लागू होतो. उद्या क्रमांकावरून शीर्षके दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवला, तर ‘इतिहास आणि समीक्षा’ उडून जाण्याची सोय आपणच करून ठेवलेली असते. साखळीची स्वतंत्र नोंद सापडली तर तिचा क्रमांक द्या, नाहीतर $० रिकामे सोडा. रिकामे $० नंतर भरता येते. चुकीचे मात्र शोधूनही सापडत नाही.

फास्टने ही साखळी तोडली. वरचा विषय तिथे दोन ठिकाणी जातो: ६५० या विषयाच्या क्षेत्रात ‘मराठी साहित्य’ आणि ६५५ या साहित्यप्रकाराच्या क्षेत्रात समीक्षा. प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असतो. जोडण्या करायच्या नसल्याने नवखा तालिकाकारही कमी चुकतो. किंमत मोजावी लागते ती संदर्भाची. एका पुस्तकात दोन प्रदेश आणि दोन विषय असतील, तर कोणता विषय कुठल्या प्रदेशाचा हे फास्ट सांगत नाही.

नोंदीतला फरकही पक्का लक्षात ठेवा. एलसीएसएचला ६५० चा दुसरा निर्देशक (क्षेत्राच्या क्रमांकापुढचा खुणेचा आकडा) ० आणि $२ (शीर्षक कोणत्या यादीतले हे सांगणारे घर) नको. फास्टला निर्देशक ७ आणि $२ मध्ये ‘फास्ट’ हा कोड हवाच. निर्देशक ० ठेवून $० फास्टचा, ही भेसळ नोंदी इकडून तिकडे चिकटवताना नेहमी होते.

फास्टचे क्रमांक दोन रूपांत भेटतात. ‘इतिहास’ या साहित्यप्रकाराचा क्रमांक $० मध्ये ‘(ओसीओएलसी)एफएसटी०१४११६२८’ असा येतो. तोच यूआरआय, म्हणजे वेबवरचा पत्ता, म्हणून लिहिताना कंस, ‘एफएसटी’ आणि पुढचे शून्य गळते, उरते १४११६२८. दोन्ही रूपे चालतात, पण संपूर्ण तालिकेत एकच ठेवा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या क्रमांकातही अशीच खोच आहे. अथॉरिटी नोंदीच्या ०१० या क्षेत्रात, जिथे हा क्रमांक असतो, उपसर्ग आणि अंक यांच्यामध्ये जागा सोडलेली असते, यूआरआयमध्ये ती नसते.

यूआरआय ब्राउझरच्या पट्टीतून कधीच उचलू नका. तिथे ‘एचटीटीपीएस’ असते, कधी शेवटी ‘डॉट एचटीएमएल’ही येते. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पानावर यूआरआय वेगळा छापलेला असतो आणि त्याची सुरुवात साध्या ‘एचटीटीपी’ने होते. माणसाला दोन्ही दुवे एकच वाटतात. अक्षर-अक्षर जुळवणाऱ्या यंत्राला ती दोन वेगळी नावे आहेत.

शीर्षके बदलतात तेव्हा काय? स्वयंपाकाच्या विषयाचे इंग्रजी शीर्षक २०१० मध्ये ‘कुकरी’वरून ‘कुकिंग’ झाले. नुसते असे नामांतर असेल, तर क्रमांकामुळे दुरुस्ती सोपी जाते. २०२१ मध्ये मात्र ‘इल्लीगल एलियन्स’ या शीर्षकाऐवजी दोन शीर्षके ठरवली गेली. तिथे कुठले पुस्तक कुठल्या शीर्षकाखाली, हे पुस्तक उघडूनच ठरवावे लागते. क्रमांक असला म्हणजे डोके बाजूला ठेवता येते, असे नाही.

विकिडेटा कुठे सरस, कुठे धोक्याचा

एलसीएसएच आणि फास्ट दोन्हींत शीर्षके मराठीत नाहीत, तर विकिडेटावर मराठी लेबले आहेत. मराठीतून शोधणाऱ्या वाचकासाठी ही सर्वांत मोठी जमेची बाजू. शिवाय माहिती सीसी-शून्य परवान्याखाली, म्हणजे कोणालाही विनाअट वापरता येणारी, आहे, आणि एकाच पानावर लायब्ररी ऑफ काँग्रेस, फास्ट आणि व्हायाफ या आंतरराष्ट्रीय अथॉरिटी-सूचीचे क्रमांक मिळू शकतात.

चुका होतात त्या चुकीची नोंद उचलल्याने. पुणे शहर म्हणजे क्यू१५३८, पुणे जिल्ह्याची नोंद वेगळी. ‘कुलकर्णी’ शोधले की आडनावाचीच नोंद हाती लागू शकते. कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट यांच्या नोंदीही निरनिराळ्या. म्हणून लेबलाखालचे वर्णन आणि ‘याचे उदाहरण’ हे विधान वाचल्याशिवाय क्रमांक घेऊ नका. दुवा घ्यायचा तो पानाचा नव्हे, संकल्पनेचा. त्यात ‘विकी’ऐवजी ‘एन्टिटी’ हा शब्द असतो आणि पानाच्या साधनांच्या यादीत तो तयार मिळतो.

व्हायाफ शोधासाठी वापरा, साठवणीसाठी नको. वेगवेगळ्या देशांच्या अथॉरिटी नोंदी जुळवून त्याचे गट बनतात. हे गट फुटतात, एकत्र होतात, आणि क्रमांक हलतो. हस्तलिखिते, पोथ्या, नकाशे असतील तर ६५५ साठी गेटी संस्थेची एएटी ही कला-वास्तुविषयक संज्ञांची यादी जरूर पाहावी. तिचे क्रमांक ३०० ने सुरू होतात, $२ मध्ये ‘एएटी’.

कोहातले खड्डे

कोहा $९ मध्ये जो आकडा ठेवते तो तुमच्या यंत्रातल्या अथॉरिटी नोंदीचा आहे. तुमच्या दाराबाहेर त्याला अर्थ नाही, त्यामुळे $९ भरले म्हणजे ओळखक्रमांक दिला, असे समजू नका. दुसरे, फ्रेमवर्कमध्ये (नोंदीत कोणती सबफील्ड असावीत हे ठरवणाऱ्या कोहातल्या साच्यात) $० आणि $१ नसतील, तर नोंद संपादकात उघडून जतन करताच ती सबफील्ड जातात. आधी फ्रेमवर्क दुरुस्त करा, मगच नोंदी आयात करा. तिसरे, अथॉरिटी मर्ज मोड (अथॉरिटी नोंदीतला बदल पुस्तकाच्या नोंदीत कसा उतरावा हे ठरवणारी सोय) ‘स्ट्रिक्ट’ असेल तर अथॉरिटी नोंदीत नसलेली सबफील्ड पुस्तकाच्या नोंदीतून पुसली जाऊ शकतात. ‘लूज’ ठेवलेले बरे.

त्याहून बरे म्हणजे नावांचे क्रमांक स्थानिक अथॉरिटी नोंदीच्या ०२४ या ओळखक्रमांकांच्या क्षेत्रातही ठेवणे, $२ मध्ये स्रोताच्या कोडसह. चूक निघाली तर एका जागी दुरुस्त होते.

मग घ्यायचे काय?

सार्वजनिक किंवा महाविद्यालयीन ग्रंथालय असेल, तालिकाकार एकच असेल आणि साठ्यात ललित मराठी जास्त असेल, तर विषयांना फास्ट आणि माणसे-गावांना $१ मध्ये विकिडेटा. विद्यापीठाने, जिथे नोंदींची देवाणघेवाण होते, एलसीएसएचची शीर्षके काढू नयेत. उतरवून घेतलेल्या नोंदींत फास्ट बऱ्याचदा आयतेच येते, तेही शेजारी राहू द्यावे. मनुष्यबळ नसेल तर फक्त लेखकांची नावे घ्या, विषय नंतर.

सगळा साठा हाती घेण्याआधी पन्नास नोंदींचा गठ्ठा करा आणि त्यातला प्रत्येक दुवा उघडून पाहा. न उघडणाऱ्या दुव्यांत दोन कारणे हमखास निघतात. पीडीएफमधून नकलताना सोबत आलेली अदृश्य जागा हे एक. दुसरे म्हणजे कळफलक मराठीवर राहिल्याने इंग्रजी क्यू अक्षरापुढे उमटलेले नागरी अंक.